बंदिवानांचे राखणदार : जनरल शंकरराव थोरात

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सायंकाळीं जमणाऱ्या मंडळींत इतिहासाची गोष्ट निघाली नाहीं असा दिवस विरळा. मैदानाच्या एका अंगास अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा आणि जवळच सावरकर सदन. अशा ठिकाणीं बसलेल्या मनुष्यानें केवळ कांद्याबटाट्यांच्या भावाविषयीं बोलत राहावें, हें होणेंच कठीण. एका महाराष्ट्रदिनीं मैदानावरील संचलन पाहून आम्ही असेच कट्ट्यावर विसावलों होतों. संचलनांतल्या एका अधिकाऱ्याच्या छातीवरील पदकांवरून गोष्ट निघाली, आणि बोलण्याच्या ओघांत आम्ही सहज सांगून गेलों कीं, आपल्या कोल्हापूरकडच्या जनरल थोरातांस जीं दोन मोठीं शौर्यपदकें मिळालीं, त्यांतील एक रणांगणावरचें असून दुसरें कैद्यांच्या राखणीबद्दलचें आहे. आमचे एक वयोवृद्ध स्नेही, ज्यांचें सारें आयुष्य बँकेच्या तिजोरीवर नजर ठेवण्यांत गेलें, ते मोठ्यानें हांसले. म्हणाले, "प्रोफेसर, राखणींत कसलें आलें शौर्य? कुलूप नीट लावलें, किल्ली खिशांत टाकली, कीं झालें. असें असेल तर आम्हांला कां नाहीं पदक दिलें?"

सारी मंडळी हांसली आणि विषय तेथेंच राहिला. पण प्रश्न विनोदानें उडवून द्यावा असा नाहीं, असें आम्हांस घरीं गेल्यावर वाटूं लागलें. त्याचें उत्तर थोडें विस्तारानेंच दिलें पाहिजे.

आम्हां मराठी वाचकांस तुरुंग चांगला परिचित आहे. मात्र तो आंतून. टिळकांनीं 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगांत लिहिलें. विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत झालीं, आणि साने गुरुजींनीं तीं तेथेंच उतरून घेतलीं; पुढल्याच वर्षीं त्याच गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली. 'माझी जन्मठेप' लिहिणारे सावरकर तर १९३८ पासून १९६६ पर्यंत ह्याच शिवाजी पार्कचे रहिवासी होते, आणि त्यांच्या ग्रंथांतील अंदमानचा बारी हा आमच्या डोळ्यांसमोर तुरुंगाधिकाऱ्याची मूर्ति म्हणून कायमचा उभा आहे. थोडक्यांत, बंदिवान आपला आणि राखणदार परका, अशी आमच्या वाङ्मयाची जुनी वाटणी. राखणदार तो जुलमीच असावयाचा, ही समजूत त्या वाटणींतूनच आली. १९५३ सालीं ही वाटणी प्रथमच उलटी झाली. राखणदार आपले होते, बंदिवान परके होते, आणि त्या राखणदारांच्या प्रमुखपदीं एक मराठा गृहस्थ होता. परंतु ती हकीकत आमच्या वाङ्मयांत जवळजवळ नाहींच.

शंकरराव पांडुरंग पाटील-थोरात यांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजीं झाला. घराणें कोल्हापूर भागांतील वडगांवचें. हिंदी तरुणांस इंग्लंडांतील सँडहर्स्टच्या सैनिकी विद्यालयाचे दरवाजे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस किलकिले झाले होते. वर्षाकाठीं अवघ्या दहा जागा. त्यांतल्या एका जागेवर शंकररावांची निवड झाली, आणि १९२६ सालीं ते अधिकारी होऊन बाहेर पडले. मराठा पलटणींत न जातां ते चौदाव्या पंजाब रेजिमेंटमध्यें गेले. पुढील कित्येक वर्षें सरहद्दीवरील व छावणीतील नोकरींत गेलीं. तीं येथें सांगत बसण्याचें कारण नाहीं.

कारण आहे तें १९४५ च्या जानेवारीचें. ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर कांगॉ नांवाच्या ठिकाणीं जपानी सैन्याची माघार अडविण्यासाठीं जी निकराची लढाई झाली, तींत ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पायदळ पलटणींचे नायक हिंदी होते: थिमय्या, एल्. पी. सेन आणि थोरात. इंग्रज सरकारनें हिंदी मनुष्याच्या हातीं संबंध पलटण द्यावी कीं नाहीं, ह्याबद्दल त्या काळीं अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांस शंका असत. तिचें निरसन ह्या तिघांनीं केलें. मेलरोज ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या टेकडीवर जपानी घट्ट पाय रोवून बसले होते. ती टेकडी थोरातांच्या दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीनें २९ जानेवारीस संगिनीच्या हल्ल्यानें घेतली. तिन्ही नायकांस डी. एस्. ओ. हें मानाचें पदक मिळालें. आमच्या स्नेह्यांस मान्य होईल असें शौर्य तें हेंच. शत्रु समोर, हातांत शस्त्र, आणि पुढें चाल करण्याचा हुकूम.

आतां दुसरें.

कोरियांतील युद्ध १९५० च्या जूनमध्यें सुरू झालें. तहाची बोलणीं १९५१ च्या जुलैंतच सुरू झालीं. आणि तरीही तोफा बंद होण्यास १९५३ च्या जुलैची २७ तारीख उजाडली. मधल्या काळांत सीमेचा प्रश्न बहुतेक मिटला होता. अडलें होतें तें कैद्यांपाशीं. १९४९ च्या जिनीव्हा कराराच्या ११८ व्या कलमाप्रमाणें लढाई थांबतांच कैद्यांस विनाविलंब मुक्त करून मायदेशीं पाठवावयाचें. कलम सरळ आहे. पण तें लिहिणाऱ्यांच्या मनांत एक गोष्ट बहुधा आलीच नव्हती: कैदीच जर मायदेशीं जावयास तयार नसेल तर? अमेरिकेच्या बाजूकडे असलेल्या चिनी कैद्यांतील पुष्कळजण पूर्वीं च्यांग-कै-शेकच्या सैन्यांत होते आणि त्याच्या पराभवानंतर साम्यवादी सैन्यांत भरती झालेले होते. ते म्हणत, आम्हांला चीनला नको, फोर्मोसाला पाठवा. चीन म्हणे, हें त्यांच्याकडून जबरीनें वदविलें जात आहे. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत थोडें थोडें सत्य होतें, म्हणूनच प्रश्न सुटत नव्हता.

त्या कैदछावण्यांची स्थिति काय होती, हें एका प्रसंगावरून कळून येईल. १९५२ च्या मे महिन्यांत कोजे बेटावरील छावणीचा प्रमुख, अमेरिकन ब्रिगेडियर जनरल डॉड, हा कैद्यांशीं दाराशीं उभा राहून बोलत असतां कैद्यांनीं त्यालाच आंत ओढून नेलें. तुरुंगाधिकारी तुरुंगवासी झाला! त्याच्या सुटकेसाठीं नामुष्कीच्या अटी लिहून द्याव्या लागल्या. डॉड आणि त्या अटींवर सही करणारा त्याच्या जागीं आलेला अधिकारी, दोघांचीही पदावनति झाली. नंतरच्या महिन्यांत रणगाडे व संगिनी घेऊन ती छावणी मोडून काढावी लागली, आणि त्यांत अनेक कैदी मेले. वाचकांनीं हा प्रसंग ध्यानांत ठेवावा. त्याचें काम पुढें पडणार आहे.

ह्या कोंडींतून वाट काढणारा प्रस्ताव भारताच्या वतीनें कृष्ण मेनन यांनीं संयुक्त राष्ट्रसंघांत मांडला, आणि बऱ्याच वळणांनंतर त्याच धर्तीवर करार झाला. मायदेशीं जाण्यास नाकबूल असणारे कैदी एका तटस्थ राष्ट्रमंडळाच्या स्वाधीन करावयाचे. मंडळांत स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्ष म्हणून भारत. नव्वद दिवसांच्या मुदतींत ज्याच्या त्याच्या देशाच्या प्रतिनिधींनीं कैद्यांची समजूत घालावयाची, आणि कैद्यानें आपला निर्णय सांगावयाचा. ह्या अवधींत कैद्यांस सांभाळण्याचें काम एकट्या भारतीय सैन्याचें. मंडळाचे अध्यक्ष जनरल थिमय्या झाले. सांभाळणाऱ्या सेनेचे, म्हणजे कस्टोडियन फोर्सचे, नायक मेजर जनरल थोरात. कांगॉचे दोन सोबती आठ वर्षांनीं पुन्हां एका कामावर आले. आणि हें काम पहिल्याहून अवघड होतें, असें आम्हांस निःशंकपणें वाटतें.

सुमारे सहा हजारांची ही सेना समुद्रमार्गें इंचॉन बंदरांत पोंचली. परंतु दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनीं बजावून ठेवलें होतें कीं, भारतीय शिपायाचें पाऊल आमच्या भूमीला लागतां कामा नये. ह्याच ऱ्हींनीं जून महिन्यांत आपल्या ताब्यांतील सुमारे सत्तावीस हजार कोरियन कैदी परस्पर सोडून देऊन सारा करार मोडीत काढण्याचा घाट घातला होता, तेव्हां धमकी पोकळ म्हणतां येईना. अखेर आमचे शिपाई जहाजावरून हेलिकॉप्टरांनीं उचलून थेट दोन्ही सैन्यांमधील निर्लष्करी पट्ट्यांत नेऊन उतरविले. तेथें जी तंबूंची वसाहत उभी राहिली तिला नांव दिलें 'हिंद नगर'.

सप्टेंबर १९५३ मध्यें कैदी ताब्यांत येऊं लागले. एकंदर २२,६०४, त्यांत चिनी १४,७०४ आणि कोरियन ७,९००. दुसऱ्या बाजूकडून आलेले अवघे ३५९, त्यांत तेवीस अमेरिकन व एक इंग्रज. काटेरी तारांचीं आवारें करून त्यांत कैद्यांस ठेविलें होतें. कैदी म्हटला म्हणजे मान खालीं घातलेला, अशी आपली कल्पना. हे कैदी ध्वज फडकावीत, गाणीं म्हणत, घोषणा देत आले; कित्येकांच्या अंगावर साम्यवादाविरुद्ध घोषणा गोंदलेल्या होत्या; भारतीय शिपाई म्हणजे साम्यवाद्यांचा हस्तक असें त्यांच्या मनांत भरवून दिलेलें असल्यामुळें स्वागत दगडांनीं आणि शिव्यांनीं झालें. प्रत्येक आवाराचे पुढारी ठरलेले होते, आणि खरी सत्ता त्यांची होती. तारांच्या बाहेर भारताचा कायदा आणि आंत त्यांचा. ज्याला मायदेशीं परत जावयाचें असेल त्यानें रात्रीं तार ओलांडून जीव मुठींत धरून आमच्या शिपायाकडे धांव घ्यावी, एवढाच मार्ग उरला होता. पकडला गेला तर त्याचे स्वकीयच त्याला मारीत. असे खून तेथें झाले.

हा कैदखाना आमच्या बँकवाल्या स्नेह्यांच्या तिजोरीसारखा नव्हता. तिजोरींतलें द्रव्य तिजोरी फोडून बाहेर येत नाहीं, आणि आपसांत मारामारीही करीत नाहीं.

त्याच सप्टेंबरच्या अखेरीस ग्रेवाल नांवाच्या एका मेजरास चिनी कैद्यांनीं आवारांत ओढून नेऊन अडकवून ठेविलें. डॉडचाच प्रसंग पुन्हां! बाहेर भारतीय शिपाई बंदुका सरसावून उभे राहिले. त्यांच्या मनांत काय चाललें असेल तें सांगावयास नको. आपला अधिकारी आंत आहे आणि आपल्या हातांत बंदूक आहे. गोळीबाराचा हुकूम सुटला असता तर कोणत्याही लष्करी न्यायालयानें थोरातांस दोष दिला नसता. पण त्या गोळीबारांत ग्रेवाल वांचले नसते, शेंकडों कैदी पडले असते, आणि ज्या करारासाठीं हें सारें चाललें होतें तो त्याच दिवशीं संपला असता. थोरात स्वतः त्या आवारांत गेले. पुढची हकीकत त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत दिली आहे. खवळलेल्या जमावांत उभें राहून त्यांनीं ना धमकी दिली, ना विनवणी केली. चिनी लोकांच्या आतिथ्याची एवढी ख्याति, आणि तुमच्या दारीं आलेल्या पाहुण्यास तुम्ही बसावयासही सांगत नाहीं, चहा विचारीत नाहीं, सिगारेट देत नाहीं, ही कुठली रीत, अशी त्यांनीं कैद्यांची कानउघाडणी केली! जमाव चपापला. चहा आला. बोलणें सुरू झालें. आणि कांहीं वेळानें थोरात ग्रेवालांस बरोबर घेऊन दाराबाहेर आले.

ही युक्ति सुचली कोठून? सँडहर्स्टमध्यें ही शिकवीत नसावेत. आमचा तर्क असा कीं, हें वडगांवच्या पाटलाच्या घरचें शहाणपण असावें. वादी भांडत येवो कीं हातांत काठी घेऊन येवो, आधीं गूळपाणी, मग गाऱ्हाणें, ही आमच्या खेड्यांतली जुनी वहिवाट. गूळपाण्याला हात लावल्यावर लगेच काठी उचलणें मनुष्यास जड जातें. येथें एवढेंच केलें कीं, गूळपाणी यजमानांकडून मागून घेतलें! आमचा हा तर्क इतिहासाच्या कसोटीस उतरणार नाहीं हें आम्ही जाणतों. तरी तो सोडवत नाहीं.

परंतु चहानें सारें भागलें, असें चित्र उभें केल्यास तो थोरातांवर अन्याय होईल आणि सत्यावरही. ऑक्टोबरच्या पहिल्याच दिवसांत दोन ठिकाणीं कैद्यांचे जमाव तारांवर चालून आले, आणि तेव्हां भारतीय शिपायांस गोळी चालवावी लागली. कांहीं कैदी मेले, कांहीं घायाळ झाले. सोळ ते पेकिंग, दोन्हीकडून भारतावर टीकेची झोड उठली. एक म्हणे तुम्ही साम्यवाद्यांचे मिंधे, दुसरा म्हणे तुम्ही अमेरिकेचे. दोन्ही बाजूंनीं एकाच वेळीं शिव्या खाणें हेंच तटस्थतेचें प्रमाणपत्र, असें म्हणण्याची रूढि आहे. आम्हांस ती पटत नाहीं. दोन्हीकडून शिव्या खाणारा चुकलेलाही असूं शकतो. म्हणून थोरातांनीं व थिमय्यांनीं जो खरा पेंच सोडविला, किंवा सोडविला नाहीं, त्याकडे वळलें पाहिजे.

समजुतीचें काम १५ ऑक्टोबरला सुरू झालें. तंबूंत एका बाजूस समजूत घालणारे, समोर कैदी, भोंवतीं पांचही राष्ट्रांचे निरीक्षक, आणि बाहेर जाण्यास दोन दारें: एक मायदेशाचें, दुसरें परत छावणीचें. कित्येक कैदी तंबूंत येऊन केवळ आरडाओरड करीत. कित्येक आवारांनीं बाहेर पडण्यासच साफ नकार दिला. चीनचा आग्रह होता कीं, त्यांना बळानें बाहेर काढा. करारांत कैद्यांवर बळ वापरण्यास मनाई होती. पण करार प्रत्येकानें ऐकून घ्यावें असेंही सांगत होता. बळ वापरावें तर कोजेप्रमाणें शेंकडों प्रेतें पडणार. न वापरावें तर आवाराच्या पुढाऱ्यांचीच सत्ता चालणार आणि कैद्याच्या 'इच्छेला' अर्थ राहणार नाहीं. बळ न वापरण्याचा निर्णय झाला. नव्वद दिवसांची मुदत २३ डिसेंबरला संपली, तेव्हां प्रत्यक्ष समजुतीचें काम जेमतेम दहा दिवस झालें होतें, आणि बावीस हजारांपैकीं तीन हजारांच्या आसपास कैदीच त्या तंबूंतून गेले होते.

हें यश म्हणावें कीं अपयश? आम्ही पुष्कळ विचार केला. ज्या कामासाठीं सेना गेली तें, म्हणजे प्रत्येक कैद्यास मोकळ्या मनानें निवड करूं देणें, पुरें झालें नाहीं. आणि भारतानें आपल्या अहवालांत हें लपविलें नाहीं, कैद्यांच्या संघटनांचा धाक होता हें स्पष्ट लिहिलें. जे शेवटपर्यंत आवारांत गप्प राहिले त्यांत मनानें परत जाऊं इच्छिणारे किती होते, हें कोणासही कधीं कळणार नाहीं. त्यांच्या दृष्टीनें पाहिलें तर आमचे राखणदार कमी पडले. परंतु त्यांना सोडविण्यासाठीं जें करावें लागलें असतें तें केल्यावर सोडविण्याजोगे किती उरले असते? थोरातांनीं आपल्या शिपायांस बंदूक खालीं ठेवून उभें राहावयास लावलें, आणि चार महिने शिव्या, दगड व अपमान सोसून सहा हजार शिपाई उभे राहिले. शस्त्र असून न वापरणाऱ्या त्या शिपायांचा संयम आम्हांस त्या निर्णयाहूनही मोठा वाटतो. निर्णय एका मनुष्याचा असतो. संयम रोज सकाळीं प्रत्येकास नव्यानें करावा लागतो.

१९५४ च्या जानेवारीच्या २० व २१ तारखांस न परतणारे कैदी, एकवीस हजारांहून अधिक, संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याच्या हवालीं करण्यांत आले. चिनी कैदी फोर्मोसाकडे रवाना झाले. मायदेशीं परतलेले भरले ६२८. साम्यवाद्यांकडून आलेल्यांपैकीं दोन अमेरिकनांनीं मत बदललें. उरलेले एकवीस आणि तो एक इंग्रज चीनच्या बाजूसच राहिले, आणि त्यावरून अमेरिकेंत मोठें काहूर उठलें.

ह्या कामाबद्दल थोरातांस अशोक चक्राचा दुसरा वर्ग मिळाला. १९६७ पासून त्याच पदकास कीर्ति चक्र म्हणतात. ह्या पदकाची एक अट मोठी सूचक आहे. तें शत्रूच्या समोर दाखविलेल्या पराक्रमाबद्दल मिळत नाहीं. शत्रु समोर नसतां दाखविलेल्या धैर्याबद्दल मिळतें. काठ्या घेऊन भोंवतीं उभा असलेला तो जमाव थोरातांचा शत्रु नव्हता; तो त्यांच्या स्वाधीन केलेला होता. मेलरोजच्या टेकडीवर समोरच्यास मारणें हें कर्तव्य होतें; येथें समोरच्यास जगविणें हें. कुलूप आणि किल्लीचा जो हिशेब आमच्या स्नेह्यांनीं मांडला त्यांत ही गोष्ट बसत नाहीं, एवढेंच आमचें त्यांस उत्तर.

थोरातांच्या पुढील चरित्राचा शेवट मात्र तितका समाधानाचा नाहीं. १९५७ मध्यें ते पूर्व विभागाचे सेनापति झाले. ईशान्य सीमेवर चीनकडून काय होऊं शकेल आणि तें अडविण्यास किती सैन्य, कोठें, कोणत्या रस्त्यांनीं लागेल, ह्याचा आराखडा त्यांनीं १९५९ सालीं तयार करून वर पाठविला. १९६० मध्यें लखनौ येथें 'लाल किला' नांवाचा युद्धाभ्यास करून तोच धोका पुन्हां दाखवून दिला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांस तो पटला नाहीं. ज्यांच्या प्रस्तावामुळें थोरात कोरियाला गेले तेच हे मेनन. इतिहास असल्या गांठी मारण्यांत फार हौशी असतो. थिमय्यांनीं आपल्यामागें सरसेनापतिपदासाठीं थोरातांची शिफारस केली. नेमणूक जनरल थापर यांची झाली. मे १९६१ मध्यें थोरात निवृत्त झाले आणि पुढल्या वर्षींच्या ऑक्टोबरांत चीननें हल्ला केला. युद्धानंतर पंडित नेहरूंनीं आपणांस बोलावून घेतलें, आणि हा आराखडा त्यांच्यापर्यंत पोंचलाच नव्हता असें त्या भेटींत दिसून आलें, असें थोरातांनीं लिहून ठेविलें आहे. निवृत्तीनंतर महाराष्ट्राच्या लोकसेवा आयोगाचें काम त्यांनीं पाहिलें, १९८६ सालीं इंग्रजींत आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, आणि १९९२ च्या ऑगस्टमध्यें ते निवर्तले.

हा लेख लिहून झाल्यावर आम्हीं तो त्याच कट्ट्यावर, त्याच स्नेह्यांस वाचून दाखविला. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "जे चीनलाही गेले नाहींत आणि फोर्मोसालाही नाहीं, असे कोणी होते कीं नाहीं?" होते; तो आमच्या हकीकतींतून राहून गेलेला भाग होता. ऐंशींहून अधिक कैद्यांनीं दोन्ही बाजूंस नकार देऊन तिसऱ्याच एखाद्या देशांत जाण्याची इच्छा सांगितली होती. त्यांना घेण्यास त्या वेळीं कोणताच देश पुढें येईना, तेव्हां १९५४ च्या फेब्रुवारींत ते आपल्या राखणदारांबरोबरच जहाजानें भारतांत आले. दोन वर्षांनीं त्यांतील बरेचजण ब्राझीलला व अर्जेंटिनाला गेले. कांहीं थोडे येथेंच राहिले.